दोन घरचा पाहुणा

धारवाडला पेन्शनरांचे गाव म्हणतात, ते काही खोटे नाही. नोकरीत असताना लोक आमच्याकडे दाखल्यांवर सही-शिक्का घ्यायला येत. आता सल्ला घ्यायला येतात. पदवी परीक्षांचे निकाल लागले की माळमड्डी-सप्तापूर भागातील कोणी ना कोणी गृहस्थ मुलाला वा मुलीला घेऊन आमच्या ओसरीवर हजर होतो. गेली काही वर्षे यांतील एक प्रश्न ठराविक झाला आहे : "मुलगी बायोटेक घेऊन बी.एस्सी. झाली. आता ते संगणकीय जीवशास्त्र का काय म्हणतात, त्यात एम.एस्सी. केली तर कसे?" आणि त्यावरचे उत्तरही तितकेच ठराविक असते : "उत्तम! नुसत्या जीवशास्त्राला विचारतो कोण? त्याला कॉम्प्युटर जोडला की नोकरीची काळजी मिटली."

हे उत्तर साफ चुकीचे आहे, एवढेच नव्हे तर ते घातक आहे, असे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आणि प्रथमच कबूल करतो की, हे उत्तर आम्हीही दिलेले आहे. तेही परक्याला नव्हे, स्वतःच्या घरात.

आमच्या पुतण्याची मुलगी जीवशास्त्रात हुशार. रोपांची तिला लहानपणापासून ओढ. पदवीनंतर तिने या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जावे, असा आग्रह सर्वांत मोठ्या आवाजात कोणी धरला असेल तर तो आम्ही. शुल्काला थोडे कमी पडत होते, तेव्हा आम्हीच एक मुदतठेव मोडली. संस्थेची इमारत पाहून आलो, वसतिगृह पाहिले, संगणकांच्या खोलीतील गारवा अनुभवला, मेसच्या जेवणाची चौकशी केली. कोण शिकवणार, काय शिकवणार आणि कशावर शिकवणार, हे तीन प्रश्न मात्र चाळीस वर्षे सरकारी कागद वाचण्यात घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाला सुचले नाहीत. संस्थेचे नाव येथे देत नाही. दोष एका संस्थेचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते.

दोन वर्षांनी मुलगी पदवी घेऊन परत आली. गुण चांगले होते. पण एका संध्याकाळी आम्ही सहज विचारले, "तू काय काय शोधलंस तिथे?" तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "अज्जा, परीक्षेत सॉफ्टवेअरची नावं विचारायचे. कुठलं कशासाठी वापरतात ते पाठ करायचं. दिलेली माहिती आत घालायची, येणारं चित्र वहीत चिकटवायचं. ते चित्र बरोबर की चूक, हे कसं ओळखायचं ते कोणी सांगितलं नाही." संख्याशास्त्राची तासिका वेळापत्रकात होती, पण पहिल्या सत्रानंतर त्या विषयाचा अध्यापकच सोडून गेला आणि त्या तासाला 'स्वयं-अध्ययन' असे नाव मिळाले. नोकरीसाठी मुलाखतींना गेली, तर संगणकाच्या कंपनीने म्हटले, तुम्हाला प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव नाही. प्रयोगशाळेने म्हटले, तुमचा हात प्रयोगाला बसलेला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आमच्या आईच्या तोंडी नेहमी असे. ती अशी खरी झालेली पाहावी लागेल, असे वाटले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, मग विषयच टाकाऊ आहे. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. विषय थोर आहे. आपण त्याला जे रूप दिले आहे, ते टाकाऊ आहे. साहित्यप्रेमी वाचकांना तो परका वाटू नये म्हणून त्यांच्याच परिचयाच्या एका कामाचा आधार घेतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभ आणि १९६६ साली समाप्ती, म्हणजे जवळजवळ अर्धशतकाचे ते काम. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. पद्धत अशी की, दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, एकच ओळ गळालेली दिसली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरवल्या असाव्यात. अशा सामायिक चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष मांडायचा आणि त्यावरून मूळ पाठाकडे जायचे. या कामाचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजला गणित शिकलेले होते, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

आता जीवसृष्टीकडे पाहावे. प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेली एक पोथी आहे. मनुष्याची पोथी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची, करोनाच्या विषाणूची जेमतेम तीस हजारांची. प्रत्येक पिढीत ती नकलून काढली जाते आणि नकलताना चुका होतात. या चुका ताडून कोण कोणाच्या वंशातला, कोणती ओळ जुनी, कोणती मागाहून घुसलेली हे ठरवणे, हा संगणकीय जीवशास्त्राचा एक मोठा भाग आहे. १९६५ साली मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषीने त्या वेळी अक्षरक्रम ठाऊक असलेल्या पासष्ट प्रथिनांचा संग्रह पुस्तकरूपाने छापला. १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी असे दोन क्रम एकमेकांखाली मांडून, गळालेल्या अक्षरांच्या जागा मोकळ्या सोडत, त्यांची सर्वोत्तम जुळणी काढण्याची रीत दिली. पाठचिकित्सक हेच करतो. पुढे १९९८ साली जीवशास्त्रातील वंशवृक्षाच्या रीती उलट चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांना लावून पाहण्यात आल्या. २०२० च्या अखेरीस भारतात प्रथम आढळलेल्या आणि पुढे डेल्टा हे नाव मिळालेल्या विषाणू-प्रकाराचा माग काढला गेला, तोही याच मार्गाने. हे काम बटणे दाबण्याचे नव्हे. पोथी हाती घेणाऱ्याला संस्कृत यावे लागते, लेखनिकांच्या खोडी ठाऊक असाव्या लागतात. तद्वत या विषयात पडणाऱ्याला जीव ठाऊक असावा लागतो आणि गणितही.

दुसरा गैरसमज असा की, हे शास्त्र परदेशातून संगणकाच्या खोक्यात बसून आले. आमच्या तरुणांना दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून कदाचित ऐकून माहीत असतील. ते गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, १९४० च्या दशकात, त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके संततीत किती वेळा परस्परांपासून तुटून येतात हे मोजता येते, पण त्या प्रमाणावरून त्यांच्यामधले अंतर सरळ काढता येत नाही. कारण दोनदा तुटले तर तुटल्याचे दिसतच नाही, आणि एका जागी तुटले तर जवळपास दुसरीकडे तुटण्याची शक्यता घटते. हॅल्डेन यांनी १९१९ साली एक सूत्र दिले होते. त्यात ही दुसरी गोष्ट धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरून सुटसुटीत सूत्र दिले. आज जगभर पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या संगणकप्रणालींत 'कोसंबी' हा पर्याय असतो. आमच्या नातीने तो पर्याय दोन वर्षांत कितीतरी वेळा निवडला होता. कोसंबी हे माणसाचे नाव आहे, तो माणूस गोव्याचा आणि पुण्यात शिकवत होता, हे तिला आमच्याकडून कळले. आणि ते सूत्र का निवडायचे, हे आम्ही दोघांनी मिळून नंतर वाचले.

पानसे आणि सुखात्मे या जोडीचेही तेच. शेतीतील प्रयोगांसाठी संख्याशास्त्र कसे वापरावे यावरचे त्यांचे १९५४ सालचे इंग्रजी पुस्तक देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्पिढ्या वापरले गेले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले. त्याच्याशी आरंभापासून निगडित असलेले आणि पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झालेले अशोक कोळस्कर यांनी टोणगावकर यांच्यासह १९९० साली, प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल याचा अंदाज बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. तिची अचूकता सुमारे ७५ टक्के आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. आपले उत्तर चारांत एकदा चुकते, हे सांगण्याचा तो प्रामाणिकपणा हेच या शास्त्राचे मर्म आहे, आणि अभ्यासक्रमांतून नेमके तेच गळाले आहे.

हे आम्ही आगंतुकपणे बोलत नाही. सरकारी नोकरीतील आमची बरीच वर्षे पीककापणी प्रयोगांच्या तपासणीत गेली. गावातले शेत यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून निवडायचे, त्यात पाच मीटर लांबी-रुंदीचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, वजन घ्यायचे. रीत निर्दोष. पण तक्त्याने निवडलेले शेत ओढ्यापलीकडे, चिखलातून दीड मैल आत असले की, काही ठिकाणी कापणी रस्त्याकडेच्या शेतात उरकली जाई. रस्त्याकडेची जमीन बहुधा चांगली, मग तालुक्याचे उत्पन्न कागदावर फुगे. पुढे ते आकडे बंगळूरला जात, त्यांवर अचूक गणिते होत, सुबक आलेख निघत. आलेखाकडे पाहून ओढ्यापलीकडचे शेत कोणालाही दिसत नसे. आणि ज्याचे पीक खरोखरच बुडाले तो शेतकरी सवलतीला मुके. गणित अचूक असून निष्कर्ष खोटा कसा निघतो, हे आम्ही असे पायांनी शिकलो.

संगणकीय जीवशास्त्रात हाच धोका हजारपट वाढतो. मनुष्याची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार. रोगी आणि निरोगी यांच्यात कोणत्या जनुकांत फरक आहे हे पाहायचे ठरवले, आणि विसांत एकदा योगायोगाने चूक होईल इतकी सूट प्रत्येक चाचणीत ठेवली, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना सुमारे एक हजार जनुके 'दोषी' ठरतील. ही दुरुस्ती कशी करावी हे ज्याला शिकवलेले नाही, त्याच्या हाती हे साधन देणे म्हणजे शिकाऊ कारकुनाच्या हाती कोषागाराची किल्ली देणे होय.

कल्पनेतल्या भीती सांगत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध झाला : कर्करुग्णाच्या गाठीतील जनुकांवरून कोणते औषध लागू पडेल हे आधी सांगता येते. त्याच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. बॅगर्ली आणि कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली, तेव्हा जनुकांच्या यादीत नावे एका ओळीने सरकलेली आढळली. त्यांचे म्हणणे मानले जायला काही वर्षे गेली. चाचण्या २०१० साली थांबल्या, २०११ साली निबंध मागे घेतला गेला. एक ओळ! हजेरीपटावर एक ओळ सरकली तर एकाचा पगार दुसऱ्याला जातो. येथे एकाचे औषध दुसऱ्याला. दुसरे उदाहरण हसू येईल असे आहे. काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांसारखी, 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती टंकली की यंत्र त्यांच्या तारखा करून टाकी. २०१६ साली तपासणी झाली तेव्हा, ज्या शोधनिबंधांना असे जनुकांचे तक्ते जोडले होते त्यांतील सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० साली जनुकांचीच नावे बदलावी लागली. तक्ता दुसऱ्यांदा वाचण्याची सवय, जी जुन्या कचेरीत पहिल्या महिन्यात लावली जाई, ती कित्येक संशोधकांना नव्हती असा याचा अर्थ.

आता विरोधी पक्ष. संस्थाचालक म्हणतात, "कंपन्यांना तयार माणूस हवा, साधने चालवता येणारा; सिद्धांत कोणाला हवा?" आमचे उत्तर असे की, साधने दर चार वर्षांनी बदलतात. २००५ साली शिकवलेल्या साधनांतील किती आज टिकून आहेत ते पाहावे. नीडलमन-वुन्श यांची रीत मात्र पन्नास वर्षांनंतरही शिकावीच लागते. जो केवळ साधन शिकला, तो साधनाबरोबर जुना होतो. आणि तेव्हा संस्थाचालक त्याचे शुल्क परत करत नाहीत.

दुसरे म्हणतात, "आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. प्रथिनाची घडी कशी पडते हे कोडे आल्फाफोल्डने २०२० साली सोडवले, २०२४ साली त्याला नोबेलही मिळाले. मग माणसे शिकून करणार काय?" ही तर अर्धवट माहितीची कमाल झाली. ते यंत्र शिकले ते प्रथिनांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या, दीड लाखाहून अधिक रचनांवरून. १९७१ साली उघडलेल्या एका सार्वजनिक भांडारात जगभरच्या संशोधकांनी त्या महिनोन्महिने राबून एकेक करून जमा केल्या होत्या. त्यांची पारख करायला मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह १९६३ साली दिलेला आलेख अद्याप वापरतात. यंत्र बोलू लागले म्हणून ते खरे बोलते का हे विचारणारा माणूस अनावश्यक ठरत नाही. त्याची गरज वाढते.

तिसरा पक्ष आपला, साहित्यिकांचा. "हे आपले क्षेत्र नव्हे" असे म्हणून आपण पान उलटतो. ज्या धारवाडात द. रा. बेंद्रे यांच्यासारखा मराठी घरात वाढलेला कन्नड महाकवी उतारवयात आकड्यांच्या गणितात रमला, त्या गावाला ही सबब शोभत नाही. मुलांना विज्ञान इंग्रजीत पाठ करता येते, पण घरी आजीला समजेल असे दोन वाक्यांत सांगता येत नाही, याची लाज त्यांच्यापेक्षा आपल्याला अधिक वाटायला हवी. जे सांगता येत नाही ते बहुधा समजलेले नसते. आमच्या नातीच्या बाबतीत ते तसेच होते.

मग करावे काय? आमच्या जुळ्या शहराइतकी सोय फार थोड्या ठिकाणी असेल. पंचवीस-तीस किलोमीटरांच्या टापूत एक कृषी विद्यापीठ आहे, १९८६ पासूनचे. 'जयलक्ष्मी' हा नामांकित संकरित कापूस १९८० च्या दशकाच्या आरंभी धारवाडच्याच संशोधनातून आला. गणिती डी. सी. पावटे ज्याचे १९५४ ते १९६७ कुलगुरू होते ते कर्नाटक विद्यापीठ आहे. हुबळीत १९५७ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१५ साली आलेली आयआयआयटी आणि २०१६ साली आलेली आयआयटी आहे. पीक, रोगी, गणित आणि यंत्र ही चारही येथे, चिगरी बसच्या आणि एखाद्या रिक्षाच्या अंतरावर आहेत. एका संस्थेच्या विद्यार्थ्याने दुसरीच्या शेतात उभे राहून नमुना घ्यावा, तिसरीत त्याचे गणित शिकावे, चौथीच्या यंत्रावर ते करावे आणि त्याला त्याचे गुण मिळावेत, एवढी व्यवस्था लावण्यास नवी इमारत लागत नाही. चार प्रमुखांच्या सह्यांचा एक कागद लागतो. असे कागद हलवण्यात आमचा जन्म गेला. इच्छा असेल तर ते हलतात, हे आम्ही शपथेवर सांगू.

आणि हा अभ्यासक्रम येथे असो, पुण्यात असो वा बंगळूरला, पालकांनी 'पॅकेज किती?' हा प्रश्न शेवटी ठेवून आधी चार प्रश्न लेखी विचारावेत. संख्याशास्त्राचा पूर्णवेळ अध्यापक कोण, आणि तो किती वर्षे आहे? जीवशास्त्राकडून आलेल्याला गणित, आणि गणिताकडून आलेल्याला जीवशास्त्र, पायापासून शिकवायला किती तास राखले आहेत? विद्यार्थी स्वतः गोळा केलेली एक तरी माहिती अथपासून इतिपर्यंत तपासतो काय? मागल्या तीन तुकड्यांतील प्रत्येक विद्यार्थी आज कोठे आहे? ज्या संस्थेला यांची उत्तरे देता येतात तिथे कर्ज काढूनही मुलाला पाठवावे. जी संस्था उत्तराऐवजी रंगीत माहितीपत्रक पुढे करते तिच्या दारातून परत फिरावे.

नात सध्या येथेच आहे. सकाळी दोन तास आमच्या कपाटातील पानसे-सुखात्म्यांची जीर्ण प्रत घेऊन बसते. उदाहरणे ती सोडवते, बेरजा आम्ही तपासतो. एका संशोधन प्रकल्पात गव्हाच्या वाणांच्या नोंदी ठेवण्याचे तात्पुरते काम तिला मिळाले आहे. पगार बेताचा, पण आठवड्यातून तीन दिवस शेतात उभे राहावे लागते. परवा ती सांगत होती की, नोंदवहीतील एक संपूर्ण रांग दुसऱ्याच वाणाच्या नावावर पडलेली तिने पकडली. दोन वर्षांच्या शिक्षणात जे मिळाले नाही ते तिला आता मिळू लागले आहे. पण ते तिने अशा रीतीने, वयाची दोन वर्षे आणि घरची ठेव खर्चून झाल्यावर मिळवावे, हा न्याय नव्हे. यापुढे आमच्या ओसरीवर येणाऱ्याला आम्ही जुने उत्तर देणार नाही. मंडळाच्या सभासदांनीही देऊ नये, एवढीच विनंती.